दरमहाचे आकडे आणि परावलंबनाची बेडी

दर महिन्याच्या मध्यावर दिल्लीतील वाणिज्य मंत्रालय मागील महिन्याच्या आयात-निर्यातीचे आकडे जाहीर करते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत एक ठरावीक विधी पार पडतो. निर्यात दोन टक्क्यांनी वाढली की अभिनंदनाचा वर्षाव आणि तूट फुगली की रुदन! पुढच्या महिन्यात आकडे फिरले की तेच विद्वान भूमिका बदलून पुन्हा उभे. ना तो आनंद टिकाऊ, ना ते दुःख.

नोव्हेंबर २०२४ चेच पाहा. त्या महिन्यात सोन्याची आयात १४.८ अब्ज डॉलरवर गेल्याचे जाहीर झाले आणि व्यापारतुटीने उच्चांक गाठला म्हणून हाहाकार उडाला. जानेवारी २०२५ मध्ये हिशेब सुधारून आला, तेव्हा हा आकडा ९.८ अब्जांवर उतरला. जे सोने देशात आलेच नव्हते, त्यावर अर्थपंडितांनी पोटभर चिंता करून घेतली होती. चूक झाली आणि ती दुरुस्तही झाली. त्याबद्दल फार बोलण्याचे कारण नाही. बोध एवढाच की, एका महिन्याच्या आकड्यावरून राष्ट्राची नाडी परीक्षिता येत नाही.

परंतु याच तक्त्यांत एक ओळ अशी आहे की, जिची दिशा वर्षानुवर्षे बदललेली नाही. ती ओळ चीनची आहे. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले. त्या आर्थिक वर्षात, म्हणजे २०२०-२१ मध्ये, आपण चीनकडून ६५.२ अब्ज डॉलरचा माल घेतला. २०२४-२५ मध्ये हाच आकडा ११३.४ अब्जांवर पोहोचला. याच काळात आपली चीनला होणारी निर्यात मात्र २१.२ अब्जांवरून १४.३ अब्जांपर्यंत घसरली. तूट ९९ अब्ज डॉलर! देशाच्या वस्तुव्यापारातील एकूण तुटीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एका अशा शेजाऱ्यामुळे आहे, ज्याच्या सैन्यासमोर आपले जवान बर्फात खडा पहारा देत आहेत.

यावर कोणी म्हणेल, आम्ही तर दिवाळीत चिनी दिव्यांच्या माळा घेणे केव्हाच सोडले. ज्यांनी सोडले, त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. पण आपली फसवणूक आपणच का करून घ्यावी? माळा आणि शोभेच्या वस्तू हा या आयातीचा फार लहान हिस्सा आहे. खरा भार आहे तो इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, यंत्रसामग्री, रसायने, सौरघट आणि औषधांचा कच्चा माल यांचा. हा माल दुकानाच्या फळीवर दिसत नाही. तो आपल्या कारखान्यांच्या पोटात जातो आणि 'भारतात निर्मित' असा शिक्का घेऊन बाहेर पडतो. ग्राहकाचा बहिष्कार तेथपर्यंत पोहोचतच नाही.

मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते विचारतात, स्वस्त मिळते तर घ्यायला काय हरकत? तूट तर इराककडून तेल घेतानाही येतेच! हा युक्तिवाद वरवर चोख वाटतो. पण तेल ज्याच्या भूमीत आहे, त्याच्याकडूनच घ्यावे लागते. प्रतिजैविकांचा कच्चा माल खाणीतून निघत नाही. तो कारखान्यात तयार होतो आणि तो कारखाना आपल्याकडे होता. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि तेथे पेनिसिलिन बनू लागले. पुढे चीनचा स्वस्त माल आला, देशातील उत्पादन परवडेनासे झाले आणि पेनिसिलिन-जीचे कारखाने एकामागून एक बंद पडले. स्वस्ताईची ही किंमत! मोडलेले उभारण्यासाठी २०२० मध्ये ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणावी लागली, तेव्हा कोठे २०२४ मध्ये काकिनाडा येथे हे उत्पादन पुन्हा सुरू झाले.

आणि स्वस्त देणारा उद्या हात आखडता घेईल, तेव्हा काय? हा प्रश्न आता काल्पनिक राहिलेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदाधातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि काही महिन्यांतच विद्युत दुचाकी बनवणाऱ्या आपल्या कारखान्यांवर उत्पादन घटवण्याची वेळ आली. एक गोळीही न झाडता कारखान्याचे चाक अडवता येते, हे बीजिंगने दाखवून दिले. जो हे करू शकतो, त्याला केवळ 'व्यापारी भागीदार' म्हणणे हा भाबडेपणा नव्हे काय?

येथे आपल्याच इतिहासाकडे पाहिले पाहिजे. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच चळवळीच्या काळात, १९०८ मध्ये, पैसाफंडाच्या बळावर तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, हे किती जणांना ठाऊक असते? घरोघरच्या एकेका पैशातून भट्टी पेटली. होळीची आग रात्रीत विझते, भट्टीची आग पिढ्या घडवते. स्वदेशीची ही दुसरी बाजू आपण विसरलो आणि पहिलीवरच समाधान मानू लागलो.

सरकारने मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर केली. दिशा योग्य आहे. पण पैसा सरकार देईल, उद्योजकता समाजालाच द्यावी लागेल. मुलाने परदेशी कंपनीत नोकरी पत्करली की पेढे वाटणाऱ्या आपल्या घरांत, सुट्या भागांचा छोटा कारखाना काढू इच्छिणाऱ्या मुलाच्या पाठीशी कितीजण उभे राहतात? आपल्या हाती असलेल्या पतपेढ्या, शिक्षणसंस्था, रुग्णालये खरेदी करताना केवळ सर्वात कमी दराची निविदा पाहतात, की त्या मालाचे मूळही विचारतात?

पुढील महिन्यात आकडे जाहीर होतील, तेव्हा मथळा बाजूला ठेवावा आणि चीनची ओळ शोधावी. ती ओळ खाली येईल, तेव्हाच खुशाल पेढे वाटावेत.