हळदीचं दूध आणि आमची आई

परवा पुन्हा तो मेसेज आला. आमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर. रोज हळदीचं दूध प्या म्हणे, अल्झायमर जवळ फिरकणार नाही! खाली रांगेनं अंगठे. मंडळी, आज जरा चिडूनच लिहितोय.

माझी आई जन्मभर हळद खात आली. आमटीत, लोणच्यात, सर्दी झाली की दुधात. आज ती मला "आपण कोण?" असं अगदी आदबीनं विचारते. आणि भेटायला आलेली आत्या माझ्या बायकोला म्हणते, "हळद देत नव्हतीस का गं?"

माझा राग या प्रश्नावर आहे. जी रात्र-रात्र जागते, तिच्यावरच ठपका!

हळदीतल्या करक्युमिननं प्रयोगशाळेत, उंदरांमध्ये आशा दाखवली, हे खरं. पण माणसांत? २०१२ साली अमेरिकेतल्या ३६ रुग्णांवरच्या २४ आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. फायदा दिसला नाही. रक्तातही ते जेमतेमच उतरलं होतं. चाचणी लहान होती म्हणाल, तर गिंको घ्या. त्याच्या पाल्याचा अर्क स्मरणशक्तीसाठी जगभर खपतो. पंचाहत्तरी गाठलेल्या ३०६९ लोकांवर चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल लागला. स्मृतिभ्रंश टळला नाही.

"हे सगळं परदेशी कंपन्यांचं कारस्थान," असं आमचे काका म्हणतील. अहो काका, जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकेतलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, ते सीएसआयआरनं जुने लेखी पुरावे मांडले म्हणून. नुसत्या अभिमानावर नाही. मग तेव्हा हवा असलेला पुरावा आता का नको?

झाडपाल्याशी माझं वैर नाही. आईच्या गोळीतलं गॅलँटामाइन मुळात स्नोड्रॉपसारख्या फुलझाडांच्या कंदांत सापडलेलं. पण ते माणसांवर तपासलं गेलं, मात्रा ठरली, आणि २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानं आजार बरा होत नाही, काही काळ थोडा आधार मिळतो. डॉक्टरांनी हे आम्हाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. मेसेज पाठवणाऱ्यांनी असं कधी सांगितलंय?

असो. हळद जरूर खा, आमटी तिच्याशिवाय होते थोडीच! पण आमच्याकडे याल तेव्हा उपाय आणू नका. तासभर आईजवळ बसा. तेवढा वेळ माझी बायको झोपेल.