विडी सोडली, पण तंबाखू?

विद्यार्थी मित्रांनो, "मी सिगारेट सोडली," असे कोणी सांगितले, की आपल्याला आनंद होतो. पण त्याच माणसाच्या खिशात गुटख्याची पुडी असेल तर? कोणी विडी सोडून मिश्री लावतो, कोणी हुक्का ओढतो, तर कोणी ई-सिगारेट. माझ्या मते हे व्यसन सोडणे नव्हे. ही व्यसनाची अदलाबदल आहे.

आपले हृदय दिवसातून सुमारे एक लाख वेळा धडधडते. हृदयविकाराचा झटका आला, की हृदयाच्या स्नायूचा काही भाग रक्ताअभावी मरतो. त्वचेवरची जखम भरून येते, तसा हा स्नायू पुन्हा तयार होत नाही. तेथे व्रण उरतो. उरलेल्या स्नायूला सगळे काम करावे लागते. त्यासाठी त्याला भरपूर रक्त आणि प्राणवायू हवा असतो.

निकोटीन नेमका येथेच घात करते. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते, हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढवते. म्हणजे हृदयाचे काम वाढते आणि रक्त मिळण्यात अडथळा येतो. हे निकोटीन गुटख्यात असते, मिश्रीत असते आणि बहुतेक ई-सिगारेटींतही असते. हुक्क्याचा धूर पाण्यातून आला, तरी स्वच्छ होत नाही. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो.

काही जण म्हणतात, "ई-सिगारेटमध्ये विषारी द्रव्ये कमी असतात." सिगारेटशी तुलना केली, तर हे खरेही आहे. पण थोडे विष म्हणजे औषध नव्हे! महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर आणि देशात २०१९ साली ई-सिगारेटवर बंदी आली, ती उगाच नाही. व्यसन सुटतच नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळ औषध घ्यावे.

सोडणे अशक्य आहे का? रमजानमध्ये रोजा ठेवणारा माणूस सेहरीपासून इफ्तारपर्यंत तंबाखूला हात लावत नाही. जो महिनाभर दिवसा थांबू शकतो, तो रात्रीही थांबू शकेल. धूम्रपान पूर्ण बंद केल्यावर एका वर्षात हृदयविकाराचा धोका धूम्रपान करणाऱ्याच्या तुलनेत सुमारे निम्मा होतो.

मित्रांनो, तुम्ही स्वतः तंबाखूच्या वाटेला जाऊ नका. घरात अब्बा किंवा चाचा "आता फक्त गुटखा खातो," असे म्हणाले, तर त्यांना अदबीने सांगा, "तोही सोडा. आम्हांला तुम्ही हवे आहात."