कुंपण कोणासाठी?

गोल्फ म्हटलं की मला आठवायची ती एक उंच भिंत. कॉलेजात असताना पुण्यात रोज तिच्या कडेनं सायकल मारायचो. एकदा मी आणि एक मित्र गेटवर गेलो, म्हटलं "नुसतं आत बघून येऊ का?" वॉचमननं आमच्या चपलांकडे बघितलं आणि मान हलवली. विषय संपला. श्रीमंतांचा खेळ, आपल्याला काय करायचंय, असं मीही ठरवून टाकलं.

पुढे कामानिमित्त डब्लिनला होतो तेव्हा एका वीकएंडला पश्चिमेला मेयो काउंटीत गेलो. तिथे ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे आहे. १९३७ साली बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटेवर केलेला ४२ किलोमीटरचा सायकलमार्ग. वाटेत मलरॅनी हे छोटंसं गाव लागतं. समोर क्लू बेचा समुद्र, पलीकडे क्रो पॅट्रिकचा डोंगर, आणि किनाऱ्यालगत नऊ होलचं गोल्फ कोर्स.

मी सवयीनं भिंत शोधत होतो. कुंपण होतं, पण फक्त प्रत्येक ग्रीनभोवती, तारेचं. आणि ते माणसांसाठी नव्हतंच, गुरांसाठी होतं! बाकी सगळीकडे गायी-मेंढ्या खुशाल चरत होत्या. मी बावळटासारखा बघत उभा, तेवढ्यात एक आजोबा आले. "खेळणार का?" म्हटलं, आयुष्यात काठी धरलेली नाही. त्यांनी स्वतःची काठी हातात दिली. पहिले तीन फटके हवेत, चौथा शेणात. आजोबा हसून म्हणाले, "इथे सगळ्यांचं असंच होतं." माझ्या बुटांकडे कोणी बघितलं नाही.

आयरिश लोक मुळातच गोड, असं म्हणून हे सोडून देता येईल. मला ते अर्धंच खरं वाटतं. याच किनाऱ्यावर लहिंच, बॅलीबनियनसारखी नावाजलेली कोर्सेस आहेत, तिथे एका फेरीला शेकडो युरो मोजावे लागतात. मलरॅनीची गोष्ट वेगळी, कारण ती जमीन सामाईक चराईची आहे. आपल्या गायरानाच्या जवळपास जाणारी कल्पना. म्हणजे तिथे गोल्फ खेळणाराही गायींच्या शेजारी पाहुणाच. जो स्वतःच पाहुणा आहे, तो दुसऱ्याला कशाला अडवेल?

आणि गंमत म्हणजे हा खेळ जन्मला तोच अशा जमिनीवर. समुद्राकाठची रेताड जागा, शेतीला निरुपयोगी, मेंढ्यांनी चरून गवत आखूड ठेवलेलं. भिंती नंतर आल्या.

म्हणून आता कोणी "गोल्फ म्हणजे माजलेल्यांचा खेळ" म्हणालं की मी वाद घालतो. माज खेळात नसतो हो, भिंतीत असतो. आपल्या शहरात उरलीसुरली मैदानं एकेक करून गेटाआड जातायत, तेव्हा खेळ कुठला यापेक्षा कुंपण कोणासाठी, हे आधी विचारायला हवं.

असो. तो शेणातला चेंडू आजोबांनी मला देऊन टाकला. धुऊन डेस्कवर ठेवलाय.