आधी गाव वाचा, मग पाय ठेवा

सव्वीस जून जवळ आला की आपल्या वस्त्यांतून कोल्हापूरच्या गाड्या ठरतात. शाहू महाराजांची जयंती. वर्गणी निघते, बॅनर छापला जातो, रात्री गाडी सुटते. सकाळी महालक्ष्मी, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा, येताना चपलांचा जोड आणि गुळाची ढेप. मोबाईलात दोनशे फोटो. आणि डोक्यात? डोकं जसं नेलं तसंच परत आणलं.

मी म्हणतो, जा. खुशाल जा. रस्सा ओरपा, रंकाळ्यावर बसा. घामाच्या पैशानं चैन करायचा आपल्याला हक्क आहे. पण कोल्हापूर हे नुसतं गाव नव्हतं. १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत तो वेगळा मुलूख होता. राजा वेगळा, दरबार वेगळा, हुकूम वेगळे. परदेशात जाणारा माणूस तिथला इतिहास चाळून जातो. मग या मुलखात आपणच कोरे का जायचं?

कुणी म्हणेल, हे शिकलेल्यांचे चोचले आहेत. न्हाई बाबा. आपल्यासाठी ते चोचले कधीच नव्हते. आपल्या आज्या-पंज्याला गावाबाहेर पाऊल टाकण्याआधी सगळं पाठ करावं लागायचं. कुठल्या वाटेनं जायचं, कुठल्या पाणवठ्याला हात लावायचा न्हाई, अंधार पडला तर कुणाच्या दारात उभं राहायचं. हा नकाशा कुठं छापला नव्हता, पण तो पाठ नसेल तर मार ठरलेला.

१९०१ साली लहानगे बाबासाहेब साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, जात कळली आणि एकही गाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन गाडी त्या पोरांनीच हाकली. रात्रभर पाण्याचा थेंब न्हाई. पुढं १९३४ साली, परदेशातल्या मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेले तेच बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर दौलताबादचा किल्ला बघायला गेले. हौदाच्या पाण्यानं धूळ धुतली म्हणून आरडाओरडा झाला. किल्ला बघितला, तो हत्यारबंद शिपाई बरोबर घेऊन. या आठवणींच्या पुस्तकाचं नाव आहे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. नावातच सगळं आलं.

तिकडं अमेरिकेत काळ्या भावांचं तेच. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या टपालवाल्यानं १९३६ पासून एक पुस्तिका काढली. काळ्या माणसाला कुठल्या गावात जेवण मिळेल, कुठं खोली मिळेल, कुठं पेट्रोल मिळेल, त्याची यादी. लोक ती गाडीत ठेवून प्रवास करायचे. ते काय चोचले होते? जीव वाचवायची ती गोष्ट होती.

आज पाणवठ्याची पाटी शहरात तरी दिसत न्हाई. म्हणून आपण वाचणं सोडलं. आणि सोडलेल्या जागेत दुसऱ्यांनी लिहिलेला कागद येऊन बसला. पर्यटनाचं पत्रक उघडा. देवी, राजवाडा, तालीम, पैलवान, मिसळ. शाहू महाराज कुठं? फेटा बांधलेल्या फोटोत.

त्या पत्रकात नसलेलं ऐका. १८९९ साली पंचगंगेच्या काठावर खुद्द राजाला वेदोक्त मंत्र नाकारले गेले. राजाची ही गत, तर महाराची काय असेल? २६ जुलै १९०२ ला, महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत असताना, इकडं कोल्हापुरात हुकूम निघाला: सरकारी नोकरीतल्या पन्नास टक्के जागा मागासलेल्यांना. १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. १९१८ साली महार वतन गेलं, हजेरीची पद्धत गेली. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरांना सगळ्यांच्या शाळेत बसवायचा हुकूम झाला. २१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावला परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब, वय अठ्ठावीस. महाराज तिथं येऊन लोकांना सांगून गेले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. माणगाव हातकणंगले तालुक्यात आहे. रंकाळ्यावर थांबणाऱ्या आपल्या गाड्या माणगावला का थांबत न्हाईत?

आणि गंगाराम कांबळे. राजवाड्यात चाकरीला होता. मराठ्यांच्या हौदाच्या पाण्याला शिवला म्हणून त्याला फटके पडले. महाराजांनी त्याला भांडवल दिलं, त्यानं चहाचं हॉटेल टाकलं. गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला. ही गोष्ट भाषणात सगळे सांगतात, पण राजाच्या बाजूनं सांगतात. जरा गंगारामच्या बाजूनं वाचा. पाण्याला हात लावला म्हणून फटके खाल्लेला माणूस भर शहरात तेच पाणी उकळून विकायला बसतो. केवढी छाती! राजाचा मोठेपणा कबूल. पण इतिहास म्हंजे नुसते उपकार न्हाईत. गंगाराम उभा राहिला न्हाई तर राजानं चहा प्यायचा तरी कुठं?

आता चपलेकडे या. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलानमध्ये प्राडा कंपनीच्या तरण्या पोरांनी कोल्हापुरीसारखी चप्पल घालून फॅशनचा फेरा मारला. नाव न्हाई, गाव न्हाई. इकडं बोंब झाली तेव्हा कंपनीनं कबूल केलं की मूळ भारतातल्या कारागिरांचं. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात आली. म्हंजे आधी वहाण नेली, मग गावाचा पत्ता विचारला. पण आपण त्यांना हसायचं कारण न्हाई. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं ते चामडं, २०१९ पासून सरकारदरबारी भौगोलिक मानांकन असलेली ती वस्तू. आणि आपली पोरं चप्पल लाईनीत उभी राहून पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतात. हा जोड कुणी शिवला, हातात किती पडले, एकजण तरी विचारतो का? सुभाषनगरात जा. तिथं कारागीर बसलेला आहे. तो आपलाच माणूस आहे.

पण नुसतं ‘वाचा’ म्हणून भागत न्हाई. आमच्या गोदीत नवीन पोरगा आला की त्याला पहिलं हे शिकवतात: खोक्यावरची खूण बघितल्याशिवाय हूक टाकू नको. आत काच असेल, ॲसिड असेल. इतिहासाचंही तसंच. कुणी भरला, कुठून आला, आत काय आहे, बघून उचला. ७ जून २०२३ ला शाहूंच्या याच शहरात दंगल झाली, कारण काय तर मोबाईलवरचं स्टेटस. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या निमित्तानं निघालेल्या जमावानं वाटेवरच्या गजापुरात मुसलमानांची घरं फोडली, मशीद फोडली. त्या जमावाच्या डोक्यातही ‘इतिहास’च होता. कुणीतरी भरून दिलेला. १६६० साली पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजी पालकराबरोबर सिद्दी हिलाल लढला, हे त्यांना कुणी सांगितलं न्हाई. शिवाजी महाराजांचं सोंग घेऊन मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीद न्हावी होता, हे पाठ असतं, पण मनाला लागलेलं नसतं. अर्धा इतिहास वाचलेला माणूस कोऱ्या माणसापेक्षा धोक्याचा. कोरा फोटो काढून परत येतो. अर्धवट वाचलेला दगड घेऊन जातो.

म्हणून दोस्तांनो, गाडी ठरवायच्या आधी एक बैठक ठरवा. वस्तीतल्या वाचनालयात, बुद्धविहारात, न्हाईतर नाक्यावरच्या कट्ट्यावर. ज्याला वाचता येतं त्यानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, भांडावं, शंका काढाव्यात. राजाचे हुकूम वाचा आणि ते कुणाच्या रेट्यानं निघाले तेही शोधा. मग गाडीत बसा. पहिला मुक्काम बिंदू चौक. तिथं फुले आणि आंबेडकरांचे पुतळे आहेत, ९ डिसेंबर १९५० ला बसवलेले. भाई माधवराव बागलांनी पुढाकार घेतला होता. तेव्हा बाबासाहेब हयात होते. ज्या देशात जिवंत आंबेडकराला हौदावर हात धुवू देत नव्हते, त्याच देशात कोल्हापूरकरांनी त्यांना जिवंतपणी भर चौकात उभं केलं.

हे डोक्यात घेऊन त्या चौकात उभे राहा. फोटो तोच येईल, पण फोटोतला माणूस वेगळा असेल. ज्यांच्या बापजाद्यांना वाट विचारून चालावं लागलं, त्यांनी तरी आंधळ्यासारखं फिरू नये.