तिकिटाला सोडत, अनुदानाला निबंधस्पर्धा

लॉटरीतून वाटल्या जाणाऱ्या पैशाला 'दान' म्हणणं आपण आधी थांबवू या. दान करणाऱ्याला आपण दान करतोय हे माहीत असतं. कोपऱ्यावरच्या दुकानात दोन पौंड टेकवून तिकीट घेणारा माणूस परोपकाराच्या ओढीनं तिथं आलेला नसतो. त्याला घराचं कर्ज फेडायचं असतं, नोकरीला रामराम ठोकायचा असतो, निदान बुधवार-शनिवारपर्यंत स्वप्न पाहायचं असतं. असे लाखो लोक हरतात, तेव्हा कुठे 'चांगल्या कामां'चा निधी जमतो. तो पैसा हरणाऱ्यांचा आहे. त्यामुळे तो कोण वाटतं आणि कसा वाटतं, हे विचारण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.

मी गेली चार वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो. आठवड्यातले पाच दिवस कोड लिहितो आणि शनिवारी वस्तीतल्या सभागृहात लहान लहान गटांना अनुदानाचे अर्ज भरून देतो. 'तू इंजिनिअर आहेस, तुला जमेल' एवढ्या एका पात्रतेवर हे काम माझ्याकडे आलं. ते करताना एक विसंगती डोळ्यांत खुपायला लागली. पैसा जमवताना लॉटरी सगळ्यांना एका रांगेत उभं करते. बसचालकाचा आकडा आणि प्राध्यापकाचा आकडा यांत यंत्र फरक करत नाही. तोच पैसा वाटायची वेळ आली की मात्र निबंधस्पर्धा सुरू होते. माझं म्हणणं सरळ आहे: स्थानिक संस्थांना जाणाऱ्या लहान अनुदानांचं वाटपही सोडतीनं व्हावं, आणि वाटणाऱ्यांच्या खुर्च्यांवरही काही माणसं सोडतीनं बसवावीत.

आधी यंत्रणा समजून घेऊ. ब्रिटनच्या संसदेनं 1993 मध्ये कायदा केला आणि 19 नोव्हेंबर 1994 रोजी नॅशनल लॉटरीची पहिली सोडत झाली. तिकीटविक्रीतला निम्म्याहून अधिक पैसा बक्षिसांत जातो, 12 टक्के सरकार शुल्क म्हणून घेतं, काही भाग दुकानदाराचा आणि लॉटरी चालवणाऱ्या कंपनीचा, आणि एक मोठा वाटा 'चांगल्या कामां'चा. गेल्या तीसेक वर्षांत ही रक्कम 50 अब्ज पौंडांच्या, म्हणजे पाच हजार कोटींच्या आसपास गेली आहे. या वाट्यातले 40 टक्के आरोग्य, शिक्षण, पर्यावरण आणि सेवाभावी कामांना मिळतात. खेळ, कला आणि वारसा यांना प्रत्येकी 20 टक्के. त्या 40 टक्क्यांचं वाटप नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंड करतो. आज कुणाला पैसे द्यायचे हे मंत्री ठरवत नाहीत, फंड ठरवतो. सरकारनं करांच्या पैशातून जे करायचं त्याची जागा लॉटरीच्या पैशानं घेऊ नये, असंही तत्त्व आहे.

कागदावर ही रचना चांगली आहे आणि मला ती मोडायची नाही. मंत्र्याच्या हातातून पैसा काढून एका स्वतंत्र संस्थेकडे देणं ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडच्या कुठल्याही आमदार निधीच्या फलकासमोर दोन मिनिटं उभं राहिलं तर ती किती मोठी आहे हे कळतं. पण स्वतंत्र संस्था म्हणजे न्याय्य संस्था, हे समीकरण इथंच चुकतं.

पहिल्या काही वर्षांतलं वाटप पाहा. 1995 मध्ये चर्चिल यांची कागदपत्रं त्यांच्या कुटुंबाच्या न्यासाकडून विकत घेण्यासाठी वारशाच्या वाट्यातून एक कोटी पौंडांहून अधिक रक्कम गेली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसच्या नूतनीकरणासाठी कलेच्या वाट्यातून मोठं अनुदान जाहीर झालं. पुढं ते एकूण 7 कोटी 85 लाखांवर गेलं. तिकिटं घेणाऱ्यांपैकी किती जण ऑपेरा पाहायला जात असतील, याचा अंदाज बांधायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. वर्तमानपत्रांनी तेव्हा झोड उठवली. 2007 मध्ये लंडन ऑलिम्पिकचा खर्च फुगला, तेव्हा सरकारनं 'चांगल्या कामां'च्या वाट्यातून आणखी 67 कोटी 50 लाख पौंड वळवले. त्यातले 42 कोटी 50 लाख कम्युनिटी फंडाच्या पूर्वावताराचे, म्हणजे 'बिग लॉटरी फंडा'चे होते. ते परत करा म्हणून सेवाभावी संस्थांना मोहीम चालवावी लागली. संस्था स्वतंत्र असूनही तिजोरीची चावी कुणाच्या खिशात होती, हे त्या वेळी सगळ्यांना दिसलं.

त्यानंतर बरंच सुधारलं, हे मान्य करायला हवं. आज फंडाची बहुसंख्य अनुदानं लहान आहेत. 'अवॉर्ड्स फॉर ऑल' या योजनेत 300 पौंडांपासून 20,000 पौंडांपर्यंत रक्कम मिळते. म्हाताऱ्यांचा बुद्धिबळाचा अड्डा, मुलांची फुटबॉलची गोलपोस्टं, वस्तीतली भाजीची बाग, अशा कामांना ती पुरते. माझी तक्रार नेमकी याच लहान अनुदानांपाशी सुरू होते, कारण मोठ्या पैशांवर वर्तमानपत्रांचं लक्ष असतं आणि लहान पैशांवर कुणाचंच नसतं.

सभागृहात दर शनिवारी काही बायका जमून गरम जेवण करतात. येईल त्याला वाढतात. चाळीसेक माणसं जेवतात. त्यातली निम्मी एकटी राहणारी. त्यांतल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईंनी एकदा एका अनुदानाचा अर्ज माझ्याकडून वाचून घेतला आणि विचारलं, "यात स्वयंपाक कुठं लिहायचा?" स्वयंपाक लिहायला खरंच जागा नव्हती. जागा होती ती गरजेचा पुरावा, अपेक्षित परिणाम, परिणाम मोजण्याची पद्धत आणि लाभार्थ्यांचा सहभाग यांना. मी त्यांच्या डाळभाताचं 'ज्येष्ठ नागरिकांमधील सामाजिक एकाकीपणा कमी करणारा समुदायाधारित उपक्रम' असं भाषांतर केलं. अर्ज मंजूर झाला. डाळीत काहीच बदल झाला नाही. दोन गल्ल्या पलीकडच्या चर्चच्या तळघरात असंच जेवण चालतं, तितकंच चांगलं. तिथं भाषांतर करणारा कुणी नाही, म्हणून त्यांनी कधी अर्जच केला नाही.

आमच्या धंद्यात एक जुना धडा आहे: जे मोजता येत नाही त्याच्या जागी सोपं काहीतरी मोजायला घेतलं, की लोक त्या सोप्या गोष्टीतच पारंगत होतात. मुलाखतीत कोडी विचारा, कोडी सोडवणारे मिळतील. काम करणारे मिळतीलच असं नाही. अनुदानाचा अर्ज कामाची गुणवत्ता मोजत नाही. काम करणाऱ्यांच्या ओळखीत अर्जाची भाषा येणारा कुणी आहे का, एवढंच तो मोजतो. ज्या संस्थेकडे निधी उभारायला पगारी माणूस आहे तिला तो सोपा जातो; निधीची खरी निकड असलेल्या गटाला तो दाराशीच अडवतो. तिकीट मात्र दोन्हीकडची माणसं घेतात. कमी मिळकतीच्या माणसाच्या उत्पन्नातला जास्त मोठा हिस्सा लॉटरीत जातो, हे वारंवार दिसून आलेलं आहे. म्हणजे पैसा खालून वर येतो आणि उतरताना चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या अंगणात उतरतो.

आता तर निबंधस्पर्धेचं उरलंसुरलं समर्थनही संपलं आहे. चॅटजीपीटीला चार ओळी सांगितल्या की तो अर्ध्या मिनिटात निर्दोष अर्ज लिहून देतो. मी हे पाहिलं आहे. माझ्यापेक्षा बरा लिहितो. अर्ज लिहिणं फुकट झालं की अर्ज वाढणार, सगळे एकसारखे गुळगुळीत होणार आणि वाचणाऱ्याला दोनशे सुंदर अर्जांतून वीस निवडावे लागणार. त्या वीसांची निवड मग कशावर होईल? ओळखीचं नाव, आधी दिलेलं अनुदान, किंवा त्या दिवशीचा मूड. म्हणजे नशीबच, फक्त ते गुणवत्तेचा कोट घालून येणार.

मग उघडपणे सोडतच का काढू नये? पहिल्या टप्प्यावर साध्या अटी तपासा: संस्था खरी आहे का, बँक खातं आहे का, दोन जबाबदार माणसं आहेत का, काम कायद्यात बसतं का, मुलांशी संबंध येत असेल तर सुरक्षेची व्यवस्था आहे का. अर्ज एका पानाचा. हवा तर फोनवर, हव्या त्या भाषेत. अटींत बसणारे सगळे त्या-त्या प्रभागाच्या भांड्यात. पैसा प्रभागाच्या लोकसंख्येनुसार आणि गरिबीनुसार आधीच वाटलेला. मग सगळ्यांसमोर चिठ्ठ्या. ज्याची निघाली नाही त्याला पुढच्या फेरीत दोन चिठ्ठ्या. हा प्रोग्रॅम लिहायला मला एक दुपार पुरेल, आणि तो बरोबर चालतो की नाही हे कुणालाही तपासता येईल. निबंध तपासणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं होतं, हे कुणालाच तपासता येत नाही.

'म्हणजे लायकी बघायचीच नाही का?' हा आक्षेप येणारच. लायकी बघायची, अटींच्या टप्प्यावर कडक बघायची. त्यापुढं जे फरक उरतात ते इतके बारीक असतात की ते ओळखल्याचा आव आणणं हीच फसवणूक. संशोधनाच्या क्षेत्रात हे मान्य होऊ लागलं आहे. न्यूझीलंडची हेल्थ रिसर्च कौन्सिल 2013 पासून एका अनुदानासाठी पात्र प्रस्तावांतून सोडत काढते. ब्रिटिश अकादमीनं 2022 मध्ये लहान संशोधन अनुदानांसाठी हाच मार्ग धरला. विद्वानांच्या प्रस्तावांना चिठ्ठी चालते, तर डाळभाताला का चालू नये?

'लोकांनाच मत देऊ द्या' हा दुसरा पर्याय सुचवला जातो. दूरचित्रवाणीवर असे प्रकल्प दाखवून मतं मागवण्याचा प्रयोग इथं बरीच वर्षं चालू आहे. तो बघायला छान असतो. पण मतदानात गोजिरवाणी मुलं आणि कुत्री जिंकतात. तुरुंगातून सुटलेल्यांसाठी किंवा दारूच्या आहारी गेलेल्यांसाठी काम करणारे हरतात. शिवाय ज्याच्या ओळखी जास्त त्याची मतं जास्त. चिठ्ठीला ओळख नसते, हीच तिची थोरवी.

आणि मोठी अनुदानं? लाखो पौंडांच्या कामांना चिठ्ठी लावा असं मी म्हणत नाही. तिथं विचारपूर्वक निर्णय हवा, पण तो घेणाऱ्या समितीत निम्मी माणसं मतदारयादीतून सोडतीनं निवडलेली हवीत, कामाचा मोबदला देऊन. सामान्य माणसाला एवढं कळेल का, असं कुणी विचारलं तर इंग्लंडच्या न्यायालयाकडे बोट दाखवावं. खुनाच्या खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष, हे तिथं मतदारयादीतून अवचित निवडलेली 12 माणसं ठरवतात. माणसाचं उभं आयुष्य ज्यांच्या हाती सोपवता, त्यांना सभागृहाच्या छपराचा निर्णय झेपणार नाही?

हे सगळं मराठीत का लिहितोय, असं तुम्ही विचाराल. कारण ही कल्पना समजायला मराठी वाचकाला ब्रिटिशांपेक्षा कमी वेळ लागेल. म्हाडाची घरं सोडतीनं मिळतात. शिक्षणहक्क कायद्याखालच्या 25 टक्के जागांचे प्रवेश सोडतीनं होतात. सरपंचपदाचं आरक्षण कुठल्या गावाला जाणार याचीही सोडत निघते, आणि एखाद्या शाळकरी मुलाच्या हातून चिठ्ठी काढली की गावातले दोन्ही गट गप्प बसतात. जिथं गरजू पुष्कळ आणि वस्तू थोडी, आणि वाटणाऱ्यावर कुणाचाच विश्वास नाही, तिथं सोडत हा आपला जुना तोडगा आहे.

गंमत अशी की आपल्या लॉटरीला मात्र हे काहीच लागू नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून चालू आहे. केंद्राच्या 1998 च्या कायद्यानुसार तिकीटविक्रीचा पैसा राज्याच्या लोकलेख्यात जमा होतो. स्थानिक संस्थांना अर्ज करता येईल अशी, ब्रिटनच्या फंडासारखी खिडकी आपल्या लॉटरीला नाही. केरळनं निदान 'कारुण्य' लॉटरी काढून तिच्या उत्पन्नातून कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाच्या गरीब रुग्णांना मदत जोडून दिली. तिकीट घेणाऱ्याला पैसा कुठं गेला हे सांगता आलं. उद्या महाराष्ट्रात अशी खिडकी उघडायचं ठरलं, तर समितीवर कोण बसणार आणि पहिली दहा अनुदानं कुणाच्या मंडळांना जाणार, हे तुम्ही आणि मी आजच कागदावर लिहून ठेवू शकतो. म्हणून ती खिडकी उघडण्याआधीच सोडतीची मागणी करायला हवी.

ज्या माणसाला आपण नशिबावर भरवसा ठेवायला सांगून त्याच्या खिशातून पैसे काढतो, त्याच्या वस्तीला ते परत देताना आपल्याला अचानक गुणवत्ता आठवते. हा शहाणपणा त्याला तिकीट विकतानाच सांगायचा होता. तेव्हा नशीब चाललं, तर आता चिठ्ठीही चालवून घ्या.