इको गाडीच्या सायलेन्सरमधली ‘माती’ चोरीला जाते, तेव्हा इंजिनचं नेमकं काय होतं?

‘इको गाडीचे सायलेन्सर चोरणारी टोळी जेरबंद.’ पुणे, नाशिकपासून ते गुजरातपर्यंत गेल्या काही वर्षांत ही बातमी पुन्हा पुन्हा आली. वाचणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो, की अख्खी गाडी सोडून कुणी सायलेन्सर का चोरेल?

उत्तर सायलेन्सरच्या पाइपमध्ये बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये आहे. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकं असलेली सिरॅमिकची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. चोर ही वीट फोडून भुगा करतात. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये जिला ‘माती’ म्हणतात, ती हीच. २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव एका औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास पोहोचला होता, म्हणजे सोन्याच्या कितीतरी पट. त्याच काळात अमेरिकेतही अशा चोऱ्यांचं पेव फुटलं. आपल्याकडे इको सापडली, कारण गाडी जमिनीपासून उंच, खाली शिरायला सोपी आणि रस्त्यावर भरपूर.

पण बातमी चोराच्या अटकेवर संपते. गाडीवाल्याचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

कन्व्हर्टर नेमकं करतो काय?

इंजिनमधून तीन घातक गोष्टी बाहेर पडतात: कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन म्हणजे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. कन्व्हर्टर त्यांचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजनमध्ये करतो. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल कारना तो सक्तीचा झाला. शिसं असलेल्या पेट्रोलने तो निकामी होतो, म्हणून अनलेडेड पेट्रोलही त्याच सुमारास आलं.

मात्र हे तिहेरी काम जमायला हवा आणि पेट्रोलचं प्रमाण अचूक लागतं. वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल. हे प्रमाण सांभाळायला मदत करतो ऑक्सिजन सेन्सर. बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांमध्ये पहिल्यांदा आला.

एक सेन्सर पुढे, एक मागे

आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत दोन सेन्सर असतात. कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर धुरात ऑक्सिजन किती उरला हे मोजतो. त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोल कमी-जास्त करतो. कन्व्हर्टरच्या नंतरच्या सेन्सरचं मुख्य काम म्हणजे कन्व्हर्टर नीट चालतोय का, यावर लक्ष ठेवणं.

हा फरक कळला की बाकीचा गोंधळ सुटतो. नुसता कन्व्हर्टर काढून तिथे साधा पाइप जोडला, तर इंजिन सहसा बंद पडत नाही. पुढचा सेन्सर जागेवर असतो आणि पेट्रोलचं प्रमाण सांभाळत राहतो. मागचा सेन्सर मात्र ओरडतो. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर बहुतेकदा पी०४२० हा कोड दिसतो.

इंजिनला खरा त्रास होतो तो दोन प्रसंगी. पहिला, पुढचा सेन्सर किंवा त्याची वायर तुटली तर. मग ईसीयू अंदाजाने पेट्रोल सोडतो, सहसा जास्तच. दुसरा, जोड नीट बसला नाही आणि सेन्सरच्या आधी गळती राहिली तर. बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि तो ते वाढवतो. मायलेज घसरतं, प्लग काळे पडतात.

‘काढून टाका, पिकअप वाढेल’

रील्सवर हा सल्ला सर्रास मिळतो. साध्या, कंपनीतून आली तशी चालणाऱ्या छोट्या पेट्रोल गाडीत त्याने फरक पडलाच तर नगण्य. वाढतो तो आवाज. कन्व्हर्टर चोक झाला असेल तर तो काढल्यावर गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते, पण तिथे दुखणं वेगळं असतं. मिसफायर होऊन न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि आतली वीट वितळते. मूळ बिघाड तसाच राहतो.

दुसरा जुगाड म्हणजे मागच्या सेन्सरला स्पेसर लावून त्याला धुरापासून लांब ठेवायचं. दिवा विझतो, पण कन्व्हर्टर नाही हे सांगणारी खूण गेलेली असते. आणि दिवा विझवायच्या ऐवजी तसाच पेटता ठेवला, तर उद्या दुसरा बिघाड झाला तरी तो वेगळा कळेलच असं नाही.

मग बिघडतं कुणाचं?

श्वास घेणाऱ्यांचं. इको शाळेच्या मुलांना नेते, रुग्णवाहिका म्हणून चालते. गाडीखाली पाइप उघडा राहिला तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. त्याला वास नसतो.

तपासणीतही अर्धंच सापडतं. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडं नाहीत.

कायदा मात्र गाडीमालकाला धरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम १९० खाली १० हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे ज्याची चोरी झाली, तोच स्वस्तातला पाइप लावून गुन्हेगार ठरू शकतो.

म्हणून सकाळी गाडी सुरू करताच ट्रॅक्टरसारखा आवाज आला, तर आधी खाली वाकून बघा. पोलिसांत तक्रार द्या, विम्यात सुट्या भागाची चोरी बसते का हे विचारा. गॅरेजवाल्याला दोन प्रश्न विचारा: नवीन सायलेन्सरमध्ये कन्व्हर्टर आहे का, आणि दोन्ही सेन्सर जागेवर बसवले का? बिलावर ते लिहून घ्या. नुसता दिवा विझला, यावर समाधान मानू नका.