निलंबन ही शिक्षा नव्हे

जुलै २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोल जिल्ह्याच्या दोन सरकारी शाळांची रंगकामाची बिले उजेडात आली. सकंदीच्या शाळेत चार लिटर रंगासाठी १६८ मजूर आणि ६५ गवंडी दाखवून १,०६,९८४ रुपयांचे बिल लावले होते. निपनियात वीस लिटरसाठी २७५ मजूर आणि १५० गवंडी दाखवले होते, आणि ५ मेच्या त्या बिलावर प्राचार्यांची पडताळणीची सही ४ एप्रिलची, म्हणजे बिल तयार होण्याच्या महिनाभर आधीची होती. अशा प्रकरणांत ‘निलंबित’ एवढीच बातमी हाती येते तेव्हा इंदूरच्या स्नेहलतागंजातील पालकाला जी चीड येते, ती उतावळेपणाची आहे असे मानणारा एक पक्ष आहे.

या पक्षाचे म्हणणे असे की, अधिकाऱ्याला घरी बसवले, रक्कमही वसूल होईल, मग आणखी काय हवे? परंतु निलंबन, म्हणजे चौकशी होईपर्यंत कामापासून दूर ठेवणे, ही सेवानियमांत शास्तीच नाही. त्या काळात पोटापाण्यासाठी निर्वाहभत्ता मिळतच राहतो. वसुलीची गोष्ट याहून गंभीर आहे. मध्य प्रदेशाच्या १९६६ च्या नागरी सेवा नियमांतील दहाव्या नियमात पगारातून नुकसानभरपाई कापणे हे ठपका ठेवणे व वेतनवाढ रोखणे यांच्या पंक्तीला, किरकोळ शास्तींत बसवलेले आहे, आणि तेही हलगर्जीपणाने किंवा आदेशभंगाने झालेल्या नुकसानीपुरते. साहजिकच दोषारोपपत्रात ‘अपहार’, म्हणजे विश्वासाने सोपवलेला पैसा गिळणे, याऐवजी ‘हलगर्जीपणा’ लिहिला गेला की प्रकरणाचा निकाल तिथेच ठरतो. सौम्य शिक्षेचे मूळ निकालपत्रात शोधण्यापेक्षा या शब्दाच्या निवडीत शोधले पाहिजे.

रक्कम लहान होती, हा बचावही टिकत नाही. बहादूरगड नगरपालिकेच्या एका कारकुनाने केलेला अपहार अवघ्या १,५४८ रुपये ७८ पैशांचा होता; तरीही रकमेचा आकार गौण असून अपहाराचे कृत्यच निर्णायक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले आणि बडतर्फी योग्य ठरवली.

कडक कायदा करा ही लोकांची मागणी मात्र चुकीच्या दाराशी जाते, कारण लोकसेवकाने केलेल्या विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(५) मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहेच. उणीव आहे ती गुन्हा वेळेवर नोंदवण्याची. विभागीय चौकशी आणि फौजदारी खटला एकाच वेळी चालवायला सर्वसाधारणपणे आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या पॉल अँथनी प्रकरणातील निकालात स्पष्ट झालेले आहे. उलट चालढकल झाली तर निवृत्तीनंतर चार वर्षांहून जुन्या घटनेवर नवी विभागीय चौकशी सुरूच करता येत नाही. म्हणून बनावट बिल सापडताच गुन्हा नोंदवणे बंधनकारक व्हावे, दोषारोप सौम्य करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याची कारणे लेखी द्यावीत, आणि प्राथमिक शाळांपुरते तरी, शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणाऱ्या व तीन-चतुर्थांश पालकांच्या शाळा व्यवस्थापन समितीला अंतिम आदेशाची प्रत मिळावी.